मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा एकताल

रक्तदाबाची गोळी आता आपल्या घरांतून मिठाच्या बरणीइतकीच कायमची झाली आहे. गोळीच्या पाकिटावरचे बारीक अक्षरांतले नाव कधी वाचले असेल, तर पुष्कळदा त्याचा शेवट ‘सार्टन’ असा होतो. लोसार्टन, टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टन. रक्तवाहिन्यांच्या पेशींवर एक प्रथिन असते. त्याला कुलूप म्हणू. अँजिओटेन्सिन नावाची किल्ली त्यात बसली की वाहिनी आकसते आणि दाब चढतो. ‘सार्टन’ ती जागा आधीच अडवून बसते, एवढेच तिचे काम. लोसार्टनला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली आणि पुढची वीस वर्षे जगभर लोक ती गोळी घेत राहिले. पण हे कुलूप आतून दिसते कसे, गोळीचा रेणू त्याच्या कोणत्या खाचेत कसा टेकतो, हे तोपर्यंत कोणी पाहिले नव्हते. ते दिसले २०१५ मध्ये. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डजवळच्या एका यंत्रातून निघालेल्या प्रकाशात, याच जातीच्या एका रेणूसह बसलेले ते कुलूप प्रथम अणूअणूनिशी उलगडले.

आज लिहायचे आहे ते त्या प्रकाशाविषयी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. सापेक्षतावादाचा धडा आला की मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न येई, “सर, याचा उपयोग काय?” त्या काळी मी अणुऊर्जेचे उत्तर देत असे. आज दिले असते ते वेगळे आणि मला वाटते, अधिक सुंदर.

आधी अडचण काय होती ते पाहू. प्रथिनाची रचना पाहायची तर त्याचे स्फटिक करायचे आणि त्यांवर क्ष-किरण सोडायचे. किरण स्फटिकातून विखुरतात, ठिपक्यांची एक नक्षी उमटते, आणि नक्षीवरून गणिताने अणूंच्या जागा काढता येतात. हे तंत्र शंभर वर्षांहून जुने आहे. मात्र पेशीच्या पापुद्र्यात रुतून बसणाऱ्या प्रथिनांचे स्फटिक सहसा मोठे होतच नाहीत. झाले तर धुळीच्या कणाएवढे. एवढ्या कणातून नक्षी उमटायची तर किरण फार प्रखर हवेत, आणि प्रखर किरण पडले की नक्षी नीट उमटण्याआधीच प्रथिन करपून जाते.

स्वीडनमधील यानोश हायदू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हिशेब करून एक वाट दाखवली. प्रथिन फुटणारच असेल तर फुटू द्या, पण ते फुटण्याच्या आत चित्र घ्या. किरणांचा स्पंद इतका आखूड हवा, की अणूंना जागेवरून हलायलाही उसंत मिळू नये. आखूड म्हणजे किती? प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. या स्पंदाच्या अवधीत तो माणसाच्या केसाच्या जाडीइतकाही पुढे जात नाही. तेवढ्या क्षणात लाखभर कोटी क्ष-किरण कण स्फटिकावर आदळायचे. स्फटिक गेले, चित्र राहिले. पुढच्या स्पंदाला नवे स्फटिक. असा प्रकाश साध्या क्ष-किरण नळीतून मिळत नाही. तो मिळतो मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरमधून.

‘मुक्त’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला, तेव्हापासून आपल्या ओळखीचे लेसर अणूंत बांधलेल्या इलेक्ट्रॉनांवर चालतात. बांधलेला इलेक्ट्रॉन म्हणजे जिन्यावर उभा असलेला माणूस. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरताना तो प्रकाश देतो, आणि पायऱ्यांची उंची त्या अणूने ठरवून टाकलेली असते. म्हणून माणकाचा लेसर लाल तो लालच. अणूतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनाला जिनाच नाही. त्याच्याकडून हवा तो रंग मागता येतो. फक्त त्याला हलवावे लागते. विद्युतभारित कण सरळ एका चालीने जात असेल तर प्रकाश देत नाही. वळला, थबकला, हेलकावला, की देतो.

हेलकावे देण्याची युक्ती सोपी आहे. चुंबकांच्या दोन ओळी समोरासमोर मांडायच्या, उत्तर आणि दक्षिण ध्रुव आलटून पालटून. मधल्या फटीतून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला की तो नागमोडी जातो. हान्स मोत्झ यांनी १९५१ मध्ये स्टॅनफर्डमध्ये हा विचार मांडला आणि पुढे दोन वर्षांत करूनही दाखवला. त्याच स्टॅनफर्डमध्ये १९७१ साली जॉन मेडी या तरुणाने पुढचा प्रश्न सोडवला. या नागमोडी वाटेवर प्रकाशाची वाढ होऊ शकेल का, म्हणजे हा लेसर होईल का? १९७६ मध्ये त्याच्या गटाने बाहेरून आणलेला लेसर-प्रकाश या वाटेवर वाढवून दाखवला, आणि १९७७ मध्ये आरशांच्या जोडीत यंत्राने स्वतःचा प्रकाश धरला. तो अवरक्त होता, डोळ्यांना न दिसणारा.

आता फळ्यावरचे थोडे गणित. भिऊ नका, भागाकारच आहे. स्टॅनफर्डच्या क्ष-किरण यंत्रात सुरुवातीला चुंबकांची एक जोडी दर तीन सेंटिमीटरला पुन्हा येई. क्ष-किरणाची लांबी मात्र ०.१५ नॅनोमीटर, म्हणजे अणूच्या आकाराइतकी. तीन सेंटिमीटरच्या हेलकाव्यातून अणूएवढी लाट निघते कशी?

इथे आइन्स्टाइन कामाला येतात. स्थिर इलेक्ट्रॉनाच्या वस्तुमानात सुमारे पाच लाख अकरा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. यंत्र त्याला १,३६० कोटींपर्यंत नेते. भागाकार करा, उत्तर येते साधारण २६,६००. हा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या इतका जवळ पोचलेला असतो, की मोकळ्या पोकळीत शर्यत लावली तर सेकंदभरात तीन लाख किलोमीटर धावूनही तो मागे पडेल फक्त वीतभर. एवढ्या वेगाने जाणाऱ्याला समोरची चुंबकांची रांग आखडलेली दिसते, २६,६०० पटींनी. त्याच्या दृष्टीने तीन सेंटिमीटरचे अंतर एका मायक्रॉनच्या आसपास येते. त्या आखडलेल्या तालावर तो हेलकावतो आणि तशीच लाट सोडतो. पण तो आपल्याकडे धावत येत असतो. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी जशी चढ्या स्वरात ऐकू येते, तशी त्याची लाट आपल्यापर्यंत येताना आणखी आखडते, या खेपेला दुपटीने, म्हणजे ५३,००० पट. उत्तर येते नॅनोमीटरचा पन्नासावा भाग. चुंबक जोरकस असल्याने इलेक्ट्रॉन वाकडा चालतो आणि थोडा रेंगाळतो, त्यामुळे लाट सुमारे सातपट लांबते. झाले ०.१५ नॅनोमीटर. तीस वर्षे मुलांना ज्याच्या व्याख्या पाठ करायला लावल्या, ते लांबीचे आकुंचन इथे रोज सकाळी यंत्र चालू करून वापरले जाते.

तरीही हा लेसर झालेला नाही. एवढ्याने मिळतो तो प्रखर पण विस्कळीत प्रकाश. झोताच्या एका पुंजक्यात सुमारे दीडशे कोटी इलेक्ट्रॉन असतात आणि प्रत्येक जण आपल्या मर्जीने लाट सोडत असतो. एकाची लाट वर जाताना दुसऱ्याची खाली येते, बरेचसे आपसांतच पुसून जाते.

आमच्या गावी हरिनाम सप्ताहात संध्याकाळी भजन सुरू होण्याआधीची काही मिनिटे मला नेहमी आठवतात. पखवाजाला कणीक लावणे चाललेले असते, पेटीवाला भाता हलवून पाहत असतो, आणि वीस-पंचवीस टाळकरी आपापले टाळ वाजवून बघत असतात. नुसता खणखणाट. मग कोणी काही न सांगता कुठे तरी चार टाळ एकत्र पडतात. तो आवाज इतरांपेक्षा उठून येतो, शेजाऱ्याचा हात नकळत त्याला धरतो, आवाज आणखी वाढतो, आणखी हात त्यात येतात. मिनिटाभरात मंडप दणाणून जातो. पखवाज अजून लागायचाच असतो.

मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरमध्ये नेमके हेच होते. चुंबकांच्या वाटेवर इलेक्ट्रॉन आणि त्यांनी सोडलेला प्रकाश बरोबर चालतात. चुंबकांच्या एका जोडीमागे प्रकाश इलेक्ट्रॉनांच्या पुढे सरकतो तो बरोबर एका लाटेने. त्यामुळे इलेक्ट्रॉन आणि लाट यांचा मेळ मोडत नाही. काही इलेक्ट्रॉन लाटेला ऊर्जा देतात आणि किंचित मागे पडतात. काही लाटेकडून ऊर्जा घेतात आणि किंचित पुढे जातात. मागे पडणारे आणि पुढे जाणारे एकमेकांना गाठतात. सलग पुंजक्याचे पातळ पातळ थर होऊ लागतात, एका लाटेच्या अंतरावर एक. थर झाले की त्यांचा प्रकाश जुळून येतो, प्रकाश वाढला की थर अधिक पक्के होतात. शंभर टाळ विस्कळीत वाजले तर एकाच्या शंभरपट ऊर्जेचा आवाज. शंभर एका ठेक्यात पडले तर शंभराचा वर्ग, दहा हजारपट. इथे तर इलेक्ट्रॉन कोट्यवधी आहेत. ते सगळेच्या सगळे एका ठेक्यात येत नाहीत, गटागटाने येतात. तरी तेवढ्यावर या प्रकाशाचे क्षणिक तेज त्याआधीच्या क्ष-किरण उगमांच्या सुमारे अब्जपट झाले.

क्ष-किरणांना मेडीसारखे आरसे लावून पुन्हापुन्हा फिरवणे सोपे नाही. एकाच फेरीत, अगदी नुसत्या खणखणाटापासून सुरुवात करून ठेका धरता येईल, हे १९८० मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या कोंद्रातेन्को आणि साल्दिन यांनी गणिताने दाखवले. १९८४ मध्ये बोनिफाचो, पेल्लेग्रिनी आणि नार्दुच्ची यांनी त्याची स्वच्छ मांडणी केली. क्लाउदिओ पेल्लेग्रिनी यांनी १९९२ मध्ये सुचवले, की स्टॅनफर्डचा १९६० च्या दशकातला तीन किलोमीटर लांबीचा इलेक्ट्रॉन-वेगवर्धक यासाठी वापरावा. त्यातला शेवटचा एक किलोमीटर घेतला, पुढे शंभराहून अधिक मीटर चुंबक मांडले, आणि एप्रिल २००९ मध्ये पहिला कठीण क्ष-किरण लेसर लागला. विचार ते यंत्र, सतरा वर्षे.

मधल्या काळातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. रेगन यांनी १९८३ मध्ये अवकाशातल्या संरक्षण-ढालीची, लोकांच्या भाषेत ‘स्टार वॉर्स’ची घोषणा केली, तेव्हा क्षेपणास्त्रे पाडण्यासाठी म्हणून याच लेसरवर पैशांचा पाऊस पडला. अमेरिकेच्या भौतिकशास्त्र संस्थेने १९८७ मध्ये अहवाल देऊन असली शस्त्रे अजून फार दूर असल्याचे सांगितले, आणि ते खरे ठरले. क्षेपणास्त्र एकही पडले नाही. १९९९ मध्ये मात्र टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात अशाच एका अवरक्त लेसरने माणसाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. मेडी स्वतः ड्यूक विद्यापीठात गेले, तिथे प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून त्यांना दूर केले गेले, आणि त्यांनी आपल्या पेटंटांसाठी विद्यापीठाला कोर्टात खेचले. २००२ च्या त्या निकालाने अमेरिकी विद्यापीठांतले संशोधन पेटंटच्या कायद्यातून सहजी सुटणार नाही, असे ठरले. वकिलांच्या पुस्तकांत मेडींचे नाव आज लेसरपेक्षा त्या खटल्याने येते. २०१६ मध्ये ते वारले.

असो. यंत्र तर झाले. आता दुखणे त्याच्या आकाराचे. हॅम्बुर्गपासून शेजारच्या शेनेफेल्डपर्यंत जमिनीखालून जाणारे युरोपचे यंत्र ३.४ किलोमीटर लांब आहे. २०१७ मध्ये सुरू झालेले हे यंत्र सेकंदाला २७,००० स्पंद देऊ शकते. खर्च अब्ज युरोच्या वर गेला. जपान, दक्षिण कोरिया, स्वित्झर्लंड यांच्याकडेही आहेत. तरी जगातली अशी कठीण क्ष-किरणांची यंत्रे दोन्ही हातांच्या बोटांवर सहज मोजून होतील. माझी एक जुनी विद्यार्थिनी प्रथिनांच्या रचनेवर काम करते. या यंत्रांवर काम करायचे तर अर्ज करायचा, तज्ज्ञांनी तो निवडायचा, मग बारा बारा तासांच्या चार-पाच पाळ्या मिळायच्या. स्फटिक वर्षभर करायचे आणि त्यांची परीक्षा पाच दिवसांत. एखाद्या पाळीत यंत्र रुसले तर रुसले. ती सांगते, की अर्ज नाकारला जाण्यापेक्षा स्फटिक तयार असताना पाळी नसणे जास्त लागते. ज्या देशात हे यंत्र नाही, तिथल्या संशोधकाला आपला प्रश्न आधी दुसऱ्याच्या वेळापत्रकात बसवावा लागतो. कोणता रोग आधी पाहायचा, कोणते प्रथिन महत्त्वाचे, हेही मग थोडेफार त्या वेळापत्रकाच्या मालकांवर सोपवले जाते. मला या विषयात खरी टोचणी आहे ती ही.

यंत्र एवढे लांब का? कारण धातू. इलेक्ट्रॉन धातूच्या पोकळ नळ्यांतून विद्युतलहरींच्या जोरावर वेग घेतात. स्टॅनफर्डला दर मीटरमागे साधारण दोन कोटी व्होल्टचा जोर मिळतो. फार ताणले, दहा कोटींच्या आसपास नेले, तर धातूतून ठिणग्या उडू लागतात. अधिक ऊर्जा हवी, तर अधिक लांबी हवी.

यावर तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन या दोघांनी लॉस अँजेलिसमध्ये १९७९ साली जो उपाय सुचवला, तो असा. जे फुटू नये म्हणून आपण जपतो, ते आधीच फुटलेले असले तर? वायूतले अणू फुटून इलेक्ट्रॉन आणि धन आयन सुटे झाले, की त्याला प्लाझ्मा म्हणतात. आपल्या मराठी विश्वकोशाने ‘आयनद्रायू’ असा शब्द घडवला होता. शब्द चांगला, पण चालला नाही. फुटलेल्याला पुन्हा फुटायची भीती नाही. त्यात वाटेल तेवढा विद्युतजोर उभा करता येतो.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने गेलेल्यांनी हे दृश्य पाहिले असेल. लाँच पाणी बाजूला सारत जाते आणि तिच्या मागे लाट उठते. जवळ एखादी छोटी होडी असली तर ती लाट तिला उचलून पुढे ढकलते. प्लाझ्मात लाँचचे काम एक अतिप्रखर, अतिआखूड लेसर-स्पंद करतो. तो हलके इलेक्ट्रॉन बाजूला सारतो. जड आयन जागच्या जागी राहतात. सारलेले इलेक्ट्रॉन आयनांच्या ओढीने परत उसळतात, पलीकडे जातात, पुन्हा परततात. स्पंदाच्या मागे, जवळजवळ त्याच्याच वेगाने, विद्युतभाराची लाट धावू लागते. तिचा एक शेव माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीचा. पण तेवढ्या जागेत दर मीटरला दहा हजार कोटी व्होल्टच्या हिशेबाने जोर असतो. या लाटेच्या उतारावर एखादा इलेक्ट्रॉन नेमका सापडला, तर किलोमीटरचे काम सेंटिमीटरमध्ये होते.

१९७९ मध्ये असा लेसर नव्हता. तो झाला रॉचेस्टरमध्ये १९८५ साली डोना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू यांच्या युक्तीने. स्पंद आधी ताणून लांब करायचा, मग वाढवायचा, मग पुन्हा दाबून आखूड करायचा. २०१८ मध्ये त्यांना याबद्दल नोबेल मिळाले. दरम्यान डॉसन यांच्याच विद्यापीठात चंद्रशेखर जोशी यांनी प्लाझ्मातल्या लाटा प्रयोगात उभ्या करण्याचे काम हाती घेतले होते. १९९३ मध्ये त्यांच्या गटाने बाहेरून सोडलेले इलेक्ट्रॉन अशा लाटेवर वेगवान करून दाखवले. २००४ मध्ये तीन देशांतल्या तीन गटांनी एकाच वेळी, बऱ्याच अंशी एकसारख्या ऊर्जेचे झोत प्लाझ्मातून काढल्याचे जाहीर केले. २००६ मध्ये बर्कलीला ३.३ सेंटिमीटरमध्ये शंभर कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आणि २००७ मध्ये जोशी यांच्या गटाने स्टॅनफर्डच्या सहकाऱ्यांसह तर कमाल केली. ४,२०० कोटींचे इलेक्ट्रॉन, जे मिळवायला तीन किलोमीटर लागले होते, त्यांतल्या काहींची ऊर्जा ८५ सेंटिमीटर प्लाझ्मात दुप्पट झाली.

‘त्यांतल्या काहींची’ या शब्दांवर बोट ठेवा. सारी अडचण तिथे आहे.

प्लाझ्मा ऊर्जा देतो, पण सर्वांना सारखी देत नाही. लाटेच्या उतारावर एक इलेक्ट्रॉन अंमळ पुढे, दुसरा अंमळ मागे, एवढ्याने त्यांच्या वाट्याला वेगवेगळा जोर येतो. वेगवर्धक म्हणून हे चालूनही जाईल. लेसरला चालत नाही. टाळकऱ्यांनी जोरात वाजवून भागत नाही, हात एकसारखे पडावे लागतात. क्ष-किरण लेसरला इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेतला फरक हजारात एकाच्या आत लागतो. त्यापलीकडे थर धरण्याआधीच विस्कटतात.

खरे तर प्लाझ्मा स्वतःच चुंबकांचे काम करू शकतो. आयनांच्या पोकळीत शिरलेला इलेक्ट्रॉन मध्यरेषेकडे खेचला जातो, पलीकडे जातो, परत खेचला जातो. म्हणजे वेग घेता घेताच तो नागमोडी चालतो आणि क्ष-किरण देतो. हे क्ष-किरण २००४ मध्ये प्रयोगात मिळाले, आणि किडामुंगीची नाजूक छायाचित्रे काढण्याइतके ते चांगले निघाले. मग चुंबकांची रांगच नको, आयनांच्या वाटेवरच लेसर करू, असा विचार डेव्हिड व्हिटम, अँड्र्यू सेस्लर आणि डॉसन यांनी १९९० मध्येच मांडला होता. विचार देखणा आहे. पण चुंबकांच्या फटीत सगळे इलेक्ट्रॉन सारख्याच रुंदीचे हेलकावे घेतात, तर आयनांच्या वाटेत जो मध्यरेषेपासून जितका दूर शिरला तितका त्याचा हेलकावा मोठा, आणि त्यानुसार त्याच्या लाटेची लांबीही वेगळी. प्रत्येकाच्या हातात निराळ्या आकाराचा टाळ दिल्यासारखे होते. म्हणून प्लाझ्मातून थेट निघणारा प्रकाश प्रखर असला तरी तो खणखणाटच. ठेका हवा असेल तर आज तरी वेग प्लाझ्मात घ्यायचा आणि बाहेर येऊन चुंबकांतून चालायचे, हाच मार्ग लागू पडला आहे.

तो प्रथम लागू पडला शांघायमध्ये. जुलै २०२१ मध्ये तिथल्या गटाने प्रसिद्ध केले, की हेलियमच्या फवाऱ्यात लेसरच्या लाटेवर ४९ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेलेला झोत त्यांनी साडेचार मीटर चुंबकांतून सोडला, आणि २७ नॅनोमीटर लांबीचा प्रकाश वाढताना पाहिला. झोतातला ऊर्जेचा फरक दोनशेत एकाच्या आसपास आणला होता. मघाचे गणित इथेही बसते: ४९ कोटींना पाच लाख अकरा हजारांनी भागा, ९५९ येतात, चुंबकांची जोडी अडीच सेंटिमीटरची, ९५९ ने एकदा भागा, मग दुपटीने भागा, चुंबकांच्या जोरासाठी दुप्पट करा, २७ नॅनोमीटर हजर. तो निबंध मी वहीत आकडे मांडत वाचला, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा वर्गात जावेसे वाटले.

पुढच्याच वर्षी इटलीत फ्रास्काती येथे लेसरऐवजी इलेक्ट्रॉनांच्याच एका पुंजक्याने प्लाझ्मात लाट उठवून, तिच्यावर स्वार झालेल्या दुसऱ्या पुंजक्याकडून अवरक्त लेसर-प्रकाश मिळवला गेला. ड्रेस्डेनमध्ये फ्रेंच-जर्मन गटाने बाहेरच्या लेसरचा ठेका आधी ऐकवून, पखवाज लावून म्हणा, २७० नॅनोमीटरवर तेच साधले.

पण २७ आणि ०.१५ या दोन आकड्यांमध्ये १८० पटींचे अंतर आहे. शांघायच्या एका स्पंदात जास्तीत जास्त १५० नॅनोज्यूल ऊर्जा होती. मोठ्या यंत्राच्या स्पंदात मिलिज्यूल असते, दहा हजारपट तरी. हॅम्बुर्गला सेकंदाला २७,००० स्पंद, तर असे प्रखर लेसर सेकंदाला मोजकेच ठोके देतात. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, एक ठोका जसा पडला तसाच पुढचा पडणे. लेसरची दिशा केसभर हलली, वायूचा फवारा किंचित दाट झाला, की लाट बदलते, झोत बदलतो, ठेका जातो. एकदा लेसर लागला यावर निबंध निघतो. स्फटिक घेऊन आलेल्या माणसाला तो दुपारी दोनला आणि पहाटे चारलाही तसाच लागतो. युरोपात ‘युप्राक्सिया’ या नावाने नेमके याच कामाचे, म्हणजे प्लाझ्मावर चालणारा पण पाहुण्या संशोधकांना भरवशाने वापरता येणारा लेसर उभारण्याचे, नियोजन झाले आहे आणि फ्रास्काती त्याचे एक ठिकाण आहे.

आपल्याकडे होळकरांच्या इंदुरात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तिथे १९९९ पासून ‘इंडस’ वेगवर्धकांचा प्रकाश आहे, आणि २०१६ मध्ये तिथल्या अभियंत्यांनी स्वतः उभारलेला अवरक्त मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर लागला. चुंबकांची रांग, वेगवर्धक, झोत सांभाळण्याची कला, हे सारे तिथे हाताखालचे झाले आहे. त्याच आवारात प्रखर लेसरने प्लाझ्मात इलेक्ट्रॉन वेगवान करण्याचे प्रयोगही होत आले आहेत, आणि कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रखर लेसर आणि प्लाझ्मा यांवर वर्षानुवर्षे काम चालू आहे. अब्ज युरोंचे यंत्र आपण बांधावे की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. मी स्वतः साशंक आहे. पण प्लाझ्माचे तसे नाही. इथे शर्यत किलोमीटरची नाही, निगुतीची आहे, आणि लागणारे दोन्ही प्रकारचे हात आपल्याकडे एकाच कुंपणाच्या आत काम करतात. शांघायची सारी मांडणी, वायूच्या फवाऱ्यापासून मोजणीच्या यंत्रापर्यंत, सुमारे बारा मीटरची होती. आमच्या महाविद्यालयाची भौतिकीची प्रयोगशाळा चौदा मीटर लांब आहे.